जुनं विंडोज सी ड्राइव्हमधून हलत नाही तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्याच्या आगेमागे आपल्या छत्रपती संभाजीनगरात, सिडको-हडकोपासून सातारा परिसरापर्यंत, कितीतरी घरांतल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढलं. कोणी स्क्रीनवर आलेल्या सूचनेला ‘हो’ म्हणत घरबसल्या अपग्रेड केलं. कोणी सीपीयू स्कूटीवर पायांपाशी ठेवून दुकानात नेला आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणून सांगितलं. कोणी त्याच फेरीत जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला नवी एसएसडी टाकून घेतली.

नव्याची नवलाई ओसरली की एक दिवस ‘धिस पीसी’ उघडल्यावर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली दिसते. आत विंडोज, यूझर्स या ओळखीच्या फोल्डरांशेजारी ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा एक फोल्डर असतो. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या तर आकार पंधरा-वीस जीबी, कधी तीसच्याही पुढे. १२८ जीबीच्या एसएसडीत एवढी जागा म्हणजे फारच झाली. मग आपण एमएस-सीआयटीत शिकलेलं करतो. राइट क्लिक, डिलीट. नाही झालं तर शिफ्ट दाबून डिलीट. कॉम्प्युटर थोडा वेळ मोजणी करतो आणि सांगतो, या कामासाठी परवानगी हवी. ‘कंटिन्यू’ दाबावं तर पुन्हा तेच, फक्त या वेळी परवानगी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ नावाच्या कुणाची तरी हवी असते. घरचा कॉम्प्युटर, पैसे आपले, वीजबिल आपलं आणि मालक कोणी तिसराच.

हा तिसरा कोण, ते आधी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला एक मालक असतो आणि कोणाला काय करता येईल याची एक यादी त्याला चिकटलेली असते. विंडोजच्या स्वतःच्या फायलींचा मालक आपण नसतो, ॲडमिनिस्ट्रेटरही नसतो. अपडेट बसवणारी विंडोजची एक अंतर्गत सेवा असते, तिच्या नावावर त्या फायली असतात. तीच ट्रस्टेड इन्स्टॉलर. विंडोज व्हिस्टापासूनची ही व्यवस्था. एखाद्या व्हायरसने किंवा घरातल्या उत्साही पोराने चालू विंडोजच्याच फायली उडवू नयेत, हा तिचा हेतू. नवं विंडोज बसताना जुनं जसंच्या तसं उचलून विंडोज.ओल्डमध्ये ठेवलं जातं आणि मालकीच्या चिठ्ठ्याही त्याच्यासोबत जातात. फायली निरुपयोगी झाल्या तरी कुलूप तसंच राहतं.

यूझर्समधल्या आपल्या जुन्या फायलींचं दुखणं जरा वेगळं आहे. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. नव्याने विंडोज टाकल्यावर तुम्ही तेच नाव, तोच पासवर्ड दिलात तरी क्रमांक नवा पडतो. त्यामुळे आपल्याच फोटोंच्या फोल्डरवर आपल्यालाच परवानगी मागितली जाते. इथे मात्र ‘कंटिन्यू’ दाबून थोडं थांबलं की बहुधा दार उघडतं.

मुळात विंडोज हे जुनं सामान ठेवतंच का? आपल्या शहरात याचं उत्तर पटकन कळेल. जायकवाडीचं पाणी काही दिवसांच्या खंडाने नळाला येतं तेव्हा पहिली धार गढूळ असू शकते, म्हणून जुना ड्रम कोणी लगेच ओतून देत नाही. नवं स्वच्छ आहे याची खात्री झाली की जुनं झाडांना जातं. विंडोजही अपग्रेडनंतर १० दिवस जुनी आवृत्ती राखून ठेवतं. या काळात प्रिंटर चालेनासा झाला, आवाज गेला, ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर रुसलं, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात रिकव्हरी इथे जाऊन ‘गो बॅक’ म्हणता येतं. मुदत संपली की विंडोज आपणहून जुनं काढून टाकतं.

म्हणून अपग्रेड होऊन आठवडाच झाला असेल तर सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे काही न करणं. घाई करून फोल्डर उडवलात तर ‘गो बॅक’चा रस्ता बंद होतो आणि परत जायचं तर नव्याने विंडोज टाकणं आलं. प्रिंट काढून पाहा, स्कॅनर चालवा, व्हिडिओ कॉलवर कोणाशी तरी बोला, बँकेचं किंवा आयकराचं जे काम कॉम्प्युटरवर करता ते एकदा करून पाहा. मग पुढचं.

मुदत उलटूनही फोल्डर जागचा हलला नसेल, तर एक साधं कारण असू शकतं. ही साफसफाई कॉम्प्युटर चालू आणि रिकामा असताना होते, आणि घरचे कॉम्प्युटर आपण कामापुरते लावतो व लगेच बंद करतो.

काढण्याआधी आत काय आहे ते पाहायलाच हवं. लोक नेमके इथेच घाई करतात, आणि मराठी घरांत तर एक खास गोष्ट त्या फोल्डरात अडकलेली असते, ती म्हणजे जुने फॉन्ट.

अदालत रोडवरचे टायपिंगवाले, गुलमंडी-औरंगपुऱ्यातली डीटीपीची आणि पत्रिकांची कामं, घरून मजकूर टाइप करून देणाऱ्या बायका, निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला बसलेले गुरुजी: या सगळ्यांची वर्षानुवर्षांची मराठी फाइल युनिकोडमध्ये असेलच असं नाही. ती श्री-लिपीत असेल, कृतिदेवमध्ये असेल, शिवाजी फॉन्टमध्ये असेल, नाहीतर सी-डॅकच्या योगेश, सुरेख अशा फॉन्टांमध्ये. या फॉन्टांची युक्ती अशी होती की रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फाइलीत साठवलेलं असतं रोमन, फॉन्ट ते मराठी करून दाखवतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की सोसायटीच्या वीस वर्षांच्या इतिवृत्तात निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडली असं वाटून लोक ती काढूनही टाकतात! फाइल धडधाकट असते, फक्त तिचा फॉन्ट विंडोज.ओल्डमध्ये राहिलेला असतो.

तेव्हा विंडोज.ओल्ड उघडा, त्यातला विंडोज फोल्डर उघडा आणि त्यातला फॉन्ट्स. तिथल्या मराठी फॉन्टच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, नव्या विंडोजमध्ये त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा. कधी कधी हा फोल्डर उघडल्यावर भलतंच काही, म्हणजे आताच्या विंडोजचेच फॉन्ट दिसतात. तसं झालं तर कमांड प्रॉम्प्टमधून कॉपी करावं लागतं, किंवा जाणत्याकडून करून घ्यावं. आणखी एक जागा तपासा. विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत एकट्या वापरणाऱ्यापुरते बसवलेले फॉन्ट यूझर्समधल्या त्याच्या ॲपडेटा फोल्डरच्या पोटात जातात. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगावं लागतं. फॉन्ट परत आला की जुनं वाचता येतं. जुन्या पद्धतीने टाइप करायचं असेल तर मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकावंच लागेल, ते विंडोज.ओल्डमधून नुसतं उचलून चालत नाही.

जाता जाता मंगल फॉन्टविषयी. सरकारी नमुन्यांमध्ये तो सर्रास मागतात, आणि विंडोज १० पासून तो सगळ्या कॉम्प्युटरवर आपोआप असतोच असं नाही. तो हरवला असेल तर विंडोज.ओल्ड उपसायची गरज नाही. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून तो मिळतो.

फॉन्टनंतर हिशेब. घरून टॅलीवर लिहिणाऱ्यांनी डेटाचा फोल्डर शोधावा. टॅलीप्राइमचा तो बऱ्याचदा यूझर्सच्या आतल्या ‘पब्लिक’ या फोल्डरात असतो. म्हणजे तुमच्या नावाच्या फोल्डरात कितीही शोधलंत तरी सापडणार नाही. आउटलुक वापरत असाल तर मेलची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्सच्या आत पाहा. क्रोमचे बुकमार्क एका साध्या फाइलीत असतात आणि उचलता येतात, साठवलेले पासवर्ड मात्र तसे उचलता येत नाहीत. ते गूगल खात्याशी जोडलेले नसतील तर गेले असंच समजा. फोटो, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे तर सांगायलाच नको.

हे सगळं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर गेलं, तिथून उघडूनही पाहिलं, की मग काढायचं. समोरचं दार असं आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. थोडा वेळ मोजणी चालते आणि एक यादी येते. त्यात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ या ओळीवर टिक करायची आणि ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबायचं. बस. इथे काम खुद्द विंडोज करत असतं, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. ट्रस्टेड इन्स्टॉलरच्या नाकावर टिच्चून डिलीट करण्यात जी मर्दुमकी वाटते, ती बहुतेक घरांत अनाठायी आहे, कारण हे दार उघडंच असतं.

पण या यादीत एक खड्डा आहे. तिच्यात ‘डाउनलोड्स’ नावाचीही एक ओळ असते. आपण साफसफाईच्या भरात सगळ्यावर टिक करत सुटतो आणि ऑनलाइन काढलेला सातबारा, आधारची पीडीएफ, पोरीचं हॉल तिकीट, विम्याची पावती, सगळं एका क्लिकमध्ये जातं. रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. म्हणून या यादीत एकच टिक: प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स. बाकीच्या आपोआप लागलेल्या असतील तर त्याही वाचून घ्या.

सेटिंग्जमध्ये ती ओळच दिसत नसेल तर जुना मार्ग अजून शाबूत आहे. स्टार्टमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ शोधा, सी ड्राइव्ह निवडा. पहिल्या खिडकीत ती ओळ नसते, ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हे बटण दाबल्यावर पुन्हा मोजणी होते आणि मग यादीत ती दिसते. अनेकजण पहिल्याच खिडकीवरून परत फिरतात.

काम सुरू झालं की घाई नको. एसएसडीवर हे काही मिनिटांत उरकतं. जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा-पाऊण तासही लागू शकतो आणि पट्टी मध्येच गोठल्यासारखी दिसते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना, हे काम काढू नये. दिवे गेले की डिस्क अर्ध्या कामात अडकते. पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कची तपासणी होते आणि कधी त्यातून ‘फाउंड’ नावाचा, पुढे टिंब आणि तीन शून्यं असलेला आणखी एक फोल्डर जन्माला येतो. तुटलेल्या फायलींचे तुकडे त्यात ठेवलेले असतात. आपलं काही हरवलेलं नसेल तर तो निर्धास्त काढावा.

आता खरा हट्टी प्रकार. वरचं सगळं केलं, जागा मोकळी झाली, पण विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर उरलाच आहे. प्रॉपर्टीज पाहिल्या तर आकार काही एमबी, आत गेलं तर विंडोज, सिस्टिम ३२ आणि त्यात ड्रायव्हरच्या दोन-चार फायली. पहिला प्रश्न स्वतःला विचारा, की हा काढायलाच हवा का? काही एमबीचा फोल्डर कुणाचं काही बिघडवत नाही. तो डोळ्यांत खुपतो एवढंच. त्यासाठी इंटरनेटवरून ‘काहीही डिलीट करून देतो’ म्हणणारं फुकट सॉफ्टवेअर उतरवायच्या फंदात पडू नका. सोबत जाहिरातींची टूलबार, ब्राउझरचं बदललेलं मुखपृष्ठ आणि कधी याहून वाईट काही घरात येतं. आणि तुम्ही हाताने अशा सॉफ्टवेअरला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार दिलेले असतात.

तरी काढायचाच असेल, तर आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा डिस्क क्लीनअप चालवून पाहा. काही फायली वापरात आहेत म्हणून अडलेल्या असतात, त्या रीस्टार्टनंतर सुटतात. डिस्कमध्येच दोष असेल तर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’ या पानावरून तपासणी करून घ्या.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट. छापील मजकुरात आज्ञा दिल्या की मधल्या मोकळ्या जागा कंपोझमध्ये गायब होतात, म्हणून फोनवर सांगावं तशा अक्षराक्षराने सांगतो. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा. साधा स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा, बॅकस्लॅश म्हणजे एंटरच्या वरच्या किंवा शेजारच्या बटणावरचा. दोन्हींत गल्लत नको.

पहिली आज्ञा मालकी घेण्याची. टी, ए, के, ई, ओ, डब्ल्यू, एन सलग. स्पेस. स्लॅश एफ. स्पेस. सी, कोलन, बॅकस्लॅश, विंडोज, डॉट, ओल्ड, सगळं सलग. स्पेस. स्लॅश ए. स्पेस. स्लॅश आर. स्पेस. स्लॅश डी. स्पेस. वाय. स्पेस. स्लॅश, एस, के, आय, पी, एस, एल. एंटर. ‘ए’मुळे मालकी सगळ्या ॲडमिनिस्ट्रेटरांच्या गटाला जाते, ‘आर’मुळे आतल्या सगळ्या फोल्डरांपर्यंत पोहोचते. शेवटचं लांबलचक प्रकरण महत्त्वाचं आहे. विंडोज.ओल्डच्या पोटातले काही फोल्डर खरे फोल्डर नसतात, दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे असतात. त्यांच्या मागोमाग आपली आज्ञा भलतीकडे जाऊ नये म्हणून ते लावायचं.

दुसरी आज्ञा परवानगीची. आय, सी, ए, सी, एल, एस. स्पेस. पुन्हा तोच पत्ता, सी कोलनपासून ओल्डपर्यंत. स्पेस. स्लॅश ग्रँट. स्पेस. ॲडमिनिस्ट्रेटर्स, शेवटचा एस धरून, लगेच कोलन आणि एफ. स्पेस. स्लॅश टी. स्पेस. स्लॅश सी. स्पेस. स्लॅश एल. एंटर.

तिसरी काढून टाकण्याची, आणि इथे क्षणभर थांबा. ही आज्ञा आर, डी, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश क्यू, स्पेस आणि मग फोल्डरचा पत्ता अशी असते. ‘एस’ म्हणजे आतल्या सगळ्यासकट, ‘क्यू’ म्हणजे न विचारता. ही आज्ञा एकामागोमाग एक अनेक फोल्डरही घेते. समजा तुमच्याकडून ‘विंडोज’ आणि ‘डॉट ओल्ड’ यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली. कॉम्प्युटर ते दोन फोल्डर समजेल, आणि त्यातला पहिला असेल तुमचं चालू विंडोज! न विचारता, आतल्या सगळ्यासकट. चालू विंडोज स्वतःला थोडंफार वाचवेल, सगळं नाही.

म्हणून माझा आग्रह असा की काढण्याआधी फोल्डरचं नाव बदलून घ्या. आर, ई, एन, स्पेस, सी, कोलन, बॅकस्लॅश, विंडोज, डॉट, ओल्ड, स्पेस, जे, यू, एन, ए. एंटर. झाला तो ‘जुना’. धिस पीसीमध्ये जाऊन नाव बदललेलं डोळ्यांनी पाहा. आता काढण्याच्या आज्ञेत फक्त सी, कोलन, बॅकस्लॅश, जे, यू, एन, ए एवढंच लिहायचं. विंडोज हा शब्दच आज्ञेत येत नाही, तेव्हा चुकायची भीतीही नाही. हे नाव बदलणं मात्र शेवटच्या पायरीवरच करा, कारण नाव बदलल्यावर डिस्क क्लीनअप त्याला जुनं विंडोज म्हणून ओळखत नाही.

मुलगी पुण्यात आणि बाबा एन-७ मध्ये, अशा जोडीला फोनवरून हे करताना पाहिलं आहे. “बाबा, एंटर दाबू नका, आधी काय टाइप केलंय ते वाचून दाखवा,” हे तिचं वाक्य दर आज्ञेला येत होतं. तसंच करावं.

यालाही तो बधला नाही तर विंडोजच्या बाहेरून. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. इथे चालू विंडोज झोपलेलं असल्याने फायली कुणी अडवून धरत नाही आणि बहुतेक वेळा काम होतं. पण दोन गोष्टी. एक, इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीची सी इथे डी म्हणूनही दिसते. आधी अक्षर आणि कोलन टाकून एंटर, मग डी, आय, आर, एंटर, आणि आपले फोल्डर दिसतात का ते पाहायचं. दुसरी, इथे चालू विंडोजही झोपलेलं असल्याने ते स्वतःला वाचवणार नाही. वरची नाव बदलायची युक्ती इथे नुसती बरी नाही, अत्यावश्यक आहे.

त्याआधी बिटलॉकरची किल्ली. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क आपोआप कूटबद्ध होते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. निळ्या पडद्यावरून आत शिरताना कॉम्प्युटर ४८ आकड्यांची किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात ठेवलेली असते. आधीच मोबाइलवर उघडून वहीत लिहून ठेवा.

आता एसएसडी टाकून घेतलेल्यांचं. यांच्याकडे बऱ्याचदा विंडोज.ओल्ड नसतोच. नवं विंडोज एसएसडीवर, आणि जुनी हार्ड डिस्क तशीच आत, डी किंवा ई नावाने. तिच्यात जुनं ‘विंडोज’, ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘यूझर्स’ पूर्वीच्याच नावांनी बसलेले. सेटिंग्जमधली साफसफाई त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण तिच्या लेखी ते जुनं विंडोज नाहीच. एकेक फोल्डरची मालकी घेत बसण्यापेक्षा इथे सरळ मार्ग असा: कामाचं सगळं दुसरीकडे काढा, तो ड्राइव्ह फॉरमॅट करा, सामान परत आणा. कामाला एक दुपार लागते, पण निकाल स्वच्छ.

फॉरमॅटच्या आधी एक तपासणी चुकवू नका. स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्क शून्य, डिस्क एक अशा आडव्या पट्ट्या दिसतील. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज टाकलं असेल, तर कॉम्प्युटर सुरू करणारा छोटासा भाग पुष्कळदा जुन्या डिस्कवरच राहिलेला असतो. शे-दोनशे एमबीच्या एका चौकटीत ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ किंवा नुसतं ‘सिस्टिम’ असं लिहिलेलं असतं. ती चौकट कोणत्या डिस्कवर आहे ते पाहा. एसएसडीवर असेल तर ठीक. जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर विंडोज एसएसडीवर असूनही चावी जुन्या डिस्कच्या खिशात आहे. फक्त डी चा भाग फॉरमॅट केला तर ती चौकट वाचते. पण ‘सगळीच डिस्क साफ करू’ म्हणून सगळे भाग उडवले, किंवा डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये घातली, की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘बूट होण्याजोगी डिस्क सापडत नाही’ एवढंच दिसतं. हे दुरुस्त होतं, पण घरच्या घरी नाही.

काही फोल्डर मात्र नको असले तरी राहू द्यायचे. डॉलरच्या खुणेने सुरू होणारे, ज्यांच्या नावात विंडोज आणि पुढे नागमोडी खूण असते, ते अपग्रेडच्या वेळचे तात्पुरते असतात आणि डिस्क क्लीनअपमधून जातात. पण डॉलरवाला रीसायकल बिन, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, रिकव्हरी यांना हात लावू नये. विंडोजच्या आतला विनएसएक्सएस हा फोल्डर अवाढव्य दिसतो. त्यातल्या कितीतरी फायली दोन ठिकाणी नोंदलेल्या असल्याने आकार फुगवून दाखवला जातो, त्यालाही हाताने काढायचं नाही.

सगळ्यात फसवा म्हणजे ‘आयनेटपब’. एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेकांच्या सी ड्राइव्हमध्ये हा रिकामा फोल्डर उगवला. नाव अनोळखी, आत काही नाही, आकार शून्य. साहजिकच लोकांनी तो उडवला, आणि हा बिचारा सहज उडतो, हट्ट करत नाही. नंतर मायक्रोसॉफ्टने सांगितलं की तो एका सुरक्षा-त्रुटीवरच्या उपायाचा भाग आहे, काढू नका. काढला असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम्सखाली ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, ‘इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस’वर टिक करून ओके म्हणा. फोल्डर योग्य परवानग्यांसह परत येतो. मग तीच टिक काढून टाकलीत तरी चालतं.

यातलं काहीच स्वतः करायचं नसेल तर पैठण गेट किंवा कॅनॉटच्या बाजूच्या नेहमीच्या माणसाकडे द्या. पण देताना ‘फॉरमॅट मारा’ एवढंच म्हणू नका. जुने फॉन्ट आणि टॅलीचा डेटा आधी काढून ठेवायला सांगा. एसएसडी टाकून घेणार असाल तर विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवायला सांगा, म्हणजे सुरू होण्याचा भाग एसएसडीवरच बसेल. आणि पैसे देण्याआधी डिस्क मॅनेजमेंट उघडून ती ‘सिस्टिम’ची चौकट कोणत्या डिस्कवर आहे ते दुकानातच दाखवायला लावा.